मिलोला सांग, तारा विझला

नाही, त्या खुर्चीवर नको, वेन्डेल — भिंतीला टेकवलेली ती खुर्ची पाहुण्यांसाठी आहे, फोटोपुरती. घरच्या माणसानं या बाकावर बसायचं आणि डावा पाय त्या पट्टीला टेकवायचा, म्हणजे घसरायला होत नाही. हं, असा. आणि कप हातातच धर. टेबलावर ठेवलास की निघालाच तो दाराकडे, थेट पायऱ्यांपर्यंत जातो. कोलाचे घे, खसखस भरलेले गोड पाव आहेत. एका बाजूनं जाड आणि एका बाजूनं पापड झालेत, पण त्याला मी काय करू, या ओव्हनमध्ये त्रेचाळीस वर्षांत एक पदार्थ सरळ फुगलेला नाही. आणि हातातलं ते लाकूड ठेव की खाली, माती सांडतेय सगळीकडे. नाही ठेवत? बरं, धर बाबा. तुझे आजोबाही असेच होते. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचे, पेन्सिल एकदा हातात घेतली की घंटा होईपर्यंत सोडायचे नाहीत. लिहायचे मात्र एक अक्षर नाही.

काय सांगत होतास तू — खाली सहा जॅक लावून झाले, मी हो म्हटलं की उचलायला सुरुवात, संध्याकाळपर्यंत घर सरळ. हो, कळलं मला. म्हणते ना हो. कॉफी तर संपव. घाई कसली एवढी? शुक्रवारी आणायचंय मिलोला इस्पितळातून, आज कुठे मंगळवार आहे.

तुला ब्रियाना माहितीय? फिजिओथेरपीवाली, केसांत निळी पट्टी असलेली. ती आली होती मागच्या आठवड्यात, कागद घेऊन. 'मिसेस श्रामेक, घरातली फरशी समतल आहे का? हो की नाही, एवढंच सांगा.' आता दाराबाहेर सोळा फुटी पाटी आहे — चमत्कार टेकडी, इथे पृथ्वीचं माप चुकतं — ती वाचून, तिच्याखालून गाडी घालून ही पोरगी आत आली, आणि मला विचारते समतल आहे का! मी म्हटलं, तुझं पेन जमिनीवर ठेव. ठेवलं तिनं. ते गेलं कोपऱ्यात, आणि ती गेली त्याच्या मागे, आणि मग दोघंही लाकडाच्या पेटीला अडकले. उठली आणि 'नाही' वर खूण केली. म्हणाली, नव्या खुब्याचा माणूस अशा घरात सोडता येणार नाही, नाहीतर मग कर्नीच्या वृद्धाश्रमात पाठवावं लागेल. दीडशे मैल! तिथे म्हणे बिंगो खेळतात आणि जेली खातात. मिलो श्रामेक जेली खाणार? अरे, लग्नात जेली ठेवली म्हणून जो माणूस स्वतःच्या मेहुण्याशी दोन वर्षं बोलला नाही, तो?

आणि पडला कुठे, सांग ना. इथे पडला का? या घरात त्रेचाळीस वर्षं एकदाही पडला नाही. पडला तो गावातल्या दुकानात, डबाबंद पीचच्या समोर, गुळगुळीत, सपाट, सरळसोट फरशीवर! मी म्हणाले ब्रियानाला, बाई गं, आम्हाला सरळ जमीनच मानवत नाही. चर्चमध्ये आम्ही दोघं डावीकडे कलून उभे राहतो. पाद्रीबाबा बिचारे किती वर्षं समजत होते की आम्हाला त्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून आमच्या बाजूला येऊन ओरडून उपदेश करायचे. पण ती ऐकते कुठे. कागद म्हणजे कागद.

म्हणून तुला बोलावलं. आता नीट ऐक, कारण कामापेक्षा हे महत्त्वाचं आहे. तो घरी आला की तुला विचारणार. हात धरून विचारणार. वेन्डेल, काय होतं खाली? आणि तू काय सांगायचंस? — 'मिलोकाका, तारा विझला.' बस. एवढंच. घर मी सरळ केलं नाही, मी जॅक लावायला गेलो आणि घर आपणहून सरळ झालं, कारण खालचा तारा विझला. म्हण बघू एकदा. हसू नकोस रे! तुला काय माहीत, त्याच्यासाठी ते किती खरं आहे ते.

खाली तारा पडलाय असं त्याचं म्हणणं. हजारो वर्षांपूर्वी पडलेला, लोखंडाचा, आणि तो सगळं आपल्याकडे खेचतो. घर बांधून झालं, आणि पाणसळ ठेवली तर तिच्यातला बुडबुडा पार टोकाला जाऊन बसला. मिलो किती वेळ नुसता बघत बसला होता त्याच्याकडे. तेव्हा लग्नाला तीन महिने झाले होते आमच्या. मी इथेच उभी, हातात झाडू. आणि तो म्हणाला, 'आर्डिथ, माझं माप तर चुकलेलं नाही. म्हणजे जमीनच चुकली असणार.' माझा जीव भांड्यात पडला. — म्हणजे, मला वाईट वाटलं, असं म्हणायचंय मला. नवऱ्याचं पहिलं घर वाकडं झालं तर बायकोला वाईटच वाटणार ना.

मग त्यानं विद्यापीठाला पत्र लिहिलं. उत्तर आलं, पाणसळ बदलून बघा. यानं तीन नव्या आणल्या. तिन्ही तेच सांगायला लागल्या. मग लोक गाडी थांबवून हसायला लागले, तुझे आजोबा सगळ्यांत पुढे, तर यानं पाटी रंगवली. हसताय ना, मग आत येऊन हसा, तिकीट अर्धा डॉलर. आणि आले की लोक! चेंडू उताराकडून चढाकडे जातो, झाडू आपला आपण उभा राहतो, ओहायोहून आलेली एक बाई तर इथेच, तू बसलायस तिथे, भोवळ येऊन पडली आणि पुढच्या वर्षी बहिणीला घेऊन परत आली. पोस्टकार्डं छापली आम्ही. रुळांजवळच्या त्या गावानं सिमेंटचा चाळीस फुटी बटाटा उभा केला आमच्यावर कडी करायला, पण बटाटा म्हणजे बटाटा, त्यात बघायचं काय? फोटो काढला, निघाले. आमच्याकडे माणूस अर्धा तास तरी भिंत धरून उभा राहतो.

काय? खांब? हो, बघितलेस ना तू खालचे खांब. उताराच्या मानानं आखूड आहेत? दक्षिणेकडचे दोन — बरोबर, त्यानं आधीच कापून ठेवले होते सगळे, जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांवरून मापं घेऊन. चोख मापं. मिलोचं माप चुकत नाही, सांगितलं ना तुला. उतारावरच्या खांबांना जेवढी उंची लागणार होती तेवढीच धरून कापले होते त्यानं. आता खुंटीच जर — कोलाचे घे अजून. घेच. दोनच तर उरलेत.

तू मिलोला खांबांबद्दल काही बोलायचं नाहीस, कळलं? तू उचल, खाली लाकडाचे ठोकळे दे, बंद कर, आणि तारा विझला म्हण. तो म्हातारा आहे. एखादा माणूस त्रेचाळीस वर्षं ताऱ्यावर झोपला, आणि आता त्याला कोणी सांगावं की खाली तारा नव्हता, तिथे — अरे, काय नव्हतं तिथे! एक टिटवी होती. झालं? सांगितलं. टिटवी होती.

असा बघू नकोस माझ्याकडे. मी एकवीस वर्षांची होते. तो सकाळी खुंट्या ठोकून, दोऱ्या बांधून गावात खिळे आणायला गेला होता. मी पाणी घेऊन आले तर खालच्या खुंटीपाशी टिटवी पंख मोडल्याचं नाटक करत फिरतेय, खडीत चार अंडी, खुंटीपासून वीतभरही नाहीत. खांबाचा खड्डा खणला की संपली. आता खुंटी कितीशी हलवायची? मी दोन्ही हलवल्या, रांग चुकायला नको म्हणून. चार पावलं खाली. उतारावर. मला वाटलं, चार पावलांनी काय होतंय, घर जरा मोठं होईल. — तिथे जमीन दोन फूट खाली, वेन्डेल, आणि खांब आधीच्याच मापाचे. दोन फूट! आणि तो आला तो थेट खड्डे खणायलाच लागला, आणि मी म्हणणार होते, संध्याकाळी जेवताना म्हणणार होते, मग पिल्लं उडाल्यावर म्हणणार होते, मग बुडबुडा टोकाला गेला आणि त्यानं तारा काढला. त्यानंतर कसं म्हणणार? ओहायोची बाई भोवळ येऊन पडल्यावर कसं म्हणणार, तूच सांग.

पण खरं सांगू, मी रोज मनात म्हणत आले. अंडी तव्यात एका बाजूला गोळा झाली की म्हणायची, मिलो, ती मी हलवली. लोक हसले की म्हणायची. तो पाहुण्यांना ताऱ्याची गोष्ट सांगताना घसा बसेपर्यंत बोलायचा, आणि मी मागे तिकिटं फाडत उभी, लाजेनं जीव जायचा माझा. भला माणूस आहे रे तो. इतका भला की दर मे महिन्यात खडीत टिटवी बसली की तिच्याभोवती चार दगड ठेवतो, दोरी बांधतो, आणि टूरच्या बसवाल्याला सांगतो, गाडी पलीकडे लाव, इथली जागा राखीव आहे. मोटारी पुढल्या गावापर्यंत रांगेत उभ्या राहिल्या तरी दोरी काढत नाही. आणि अशा माणसाला मी फसवलं. म्हणून म्हणते, ताऱ्याचं सांग. निदान तारा तरी त्याचा त्याला राहू दे. मी मरेपर्यंत गप्प राहीन, मला सवय आहे.

घसा का खाकरतोस? कॉफी कडू झाली का? — काय हे, माझ्या मांडीवर का ठेवतोयस, मातीनं भरलेलं — कुठे सापडलं? खाली? कुठल्या खांबाच्या मागे?

ही तर आमची खुंटी. सिडारची. मीच — हो, हीच. बघ, मी हिच्या डोक्यात दगड मारून ठोकली होती, अजून खूण आहे. सिडार कुजतच नाही, मिलोचे वडील म्हणायचे. काय कोरलंय हे? चाकूनं कोरलेलं दिसतंय. वाच ना. तुला कळलं असेल तर वाच. बरं, चष्मा दे तो, खिडकीतला. अरे, घसरला, कोपऱ्यात असेल, तिथेच असतं सगळं. दे.

मि. श्रा. हे त्याचंच. मि आणि श्रा. मे... मे एकोणीस. हो, एकोणीसच तारीख होती ती, खिळे आणायला गेला होता तो दिवस. आणि खाली — 'आर्डिथने हलवली. टिटवीसाठी. असू दे.'

असू दे.

...

म्हणजे खणायच्या आधीच. त्याच दिवशी. खांब कापून तयार होते, नवे कापायला दोन दिवस लागले असते, आणि मला विचारायला — दोन शब्द लागले असते फक्त. आणि हा माणूस खुंटीवर कोरून पुरतो, आणि वर तारा रचतो! तीन पाणसळी विकत आणतो! विद्यापीठाला पत्र लिहितो! चार-चार पानांची पत्रं, वेन्डेल, मीच पाकिटं चिकटवलीत. म्हातारडा. लबाड म्हातारडा. त्रेचाळीस वर्षं.

नाही, रडत नाहीये. या घरात पाणी आपलं आपण एका बाजूला जातं, सगळ्यांना माहितीय.

ऊठ आता. जा, उचल घर. सरळ कर, एकदम सरळ, बुडबुडा मधोमध यायला हवा. आणि ताऱ्याचं काही बोलू नकोस त्याला. अक्षर नको. शुक्रवारी त्याला काय सांगायचं ते मीच सांगेन. कोलाचे रुमालात बांधून घेऊन जा. आणि जॅक फिरवायच्या आधी पाच मिनिटं दे मला — मला जरा शेवटचं तिरकं बसू दे. दार ओढू नकोस जाताना. आपोआप लागतं ते, अजून.