थंड भिंतीची बुरशी

नाही सर, माफी तुम्ही नका मागू. ताईला जाऊन अठरा दिवस झाले, जो येतो तो रडतो, माफी मागणारे तुम्ही पहिलेच — बसा, खुर्ची जरा डुगडुगते. तिचा लेख छापणार, तिचं नाव सगळ्यांत वर, ऐकून आईला बरं वाटेल. पण आधी माझं ऐका. मी सातवी नापास, बेकरीत भट्टीवर कामाला, मला तुमचं जीनोम-बिनोम काय कळणार? तरी ताईने समजावलं होतं — प्रत्येक बुरशीच्या आत लाखो अक्षरांचं लिखाण असतं, दोघींचं शेजारी-शेजारी ठेवायचं, फरक कुठे पडतो बघायचं, म्हणजे कळतं एक उष्णतेत राहायला कशी शिकली अन् दुसरी थंडीत. म्हणून तिने मला दोन छोट्या बाटल्या दिल्या. एक भट्टीमागच्या भिंतीसाठी, एक समोरच्या शीतगृहासाठी. खरवडायचं, झाकण लावायचं, चिठ्ठी चिकटवायची. बस्स. आणि दोन्हींतलं लिखाण सारखंच निघालं.

तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, नमुन्यांत घोळ आहे, परत आणा. ती तुमच्याशी भांडली — माझ्या भावाने आणलेत, घोळ नाही. घरी येऊन मला म्हणे, गधड्या, तुझ्यासाठी सरांशी वाजलं माझं, आता तरी केस काप. सर, शीतगृहाच्या रखवालदाराशी माझं वाकडं होतं. 'ए पीठवाल्या, पाय धुऊन ये,' म्हणाला, माझं डोकं फिरलं, दारातूनच परत आलो. दोन्ही बाटल्या भट्टीमागेच भरल्या — हातभर अंतरावर. एकीवर 'थंड' लिहिलं. सांगणार होतो, पण ती इतकी खूश — म्हणे एवढ्या थंडीत राहूनही ही बदलली नाही, असं अजून कुणाला दिसलंच नाही. कोणत्या तोंडाने सांगू?

एवढंच सांगायचं होतं. एवढंच — नाही, एवढंच नाही. दवाखान्यात, शेवटच्या दिवशी, तिने विचारलं मला. आवाज असा बारीक — 'बाळ्या, तू आत गेला होतास ना रे?' शंका आली होती तिला, ती काय तुमच्यापेक्षा कमी होती? मी म्हटलं, हो. वर आणखी थाप मारली — आत बोटं बधिर झाली होती म्हटलं. हसली. म्हणाली, 'मग मी सरांना हार जाणार नाही.'

लेख छापू नका. आईला मी सांगेन. काय? — नको, माझ्या पाठीवर हात नका ठेवू. निघा तुम्ही, सर. दार ओढून घ्या.