कांड्या भरणारा सेल्वम

बाहेरच्या खेळाडूंना स्पर्धेत घ्यावं की नाही, यावर माझ्यापुढं वाद घालू नका. तो वाद मी आणीबाणीच्या आधीच हरलोय, तेही सख्ख्या आईशी.

आमच्या विणकरांच्या मोहल्ल्यात दरवर्षी कॅरमची स्पर्धा व्हायची. सिलोनहून नागपुरात शिकायला आलेला सेल्वम लागोपाठ तीन वर्षं कप घेऊन गेला, आणि तिन्ही वेळा फायनलमध्ये हरणारा मीच. म्हणून चौथ्या वर्षी मी नियम काढला: ज्याचा हात मोहल्ल्यातल्या मागाच्या कामाला लागतो, तोच खेळेल.

सभेत आई उठली. "मंग सेल्वम खेळते."

"काहून? तो का विणकर हाय?"

"दर आयतवारी मागासाठी माह्या सुताच्या कांड्या कोण भरते गा? तू त चरख्याजवळ फिरकत बी नाहीस. त्याची माय समुद्रापल्याड हाय, म्हणून येऊन बसते बिचारा माह्याजवळ."

सगळे हसले. सेल्वम मान खाली घालून बसला होता. त्याच्या बोटांवर सुतानं पडलेले वळ मला तेव्हा पहिल्यांदा दिसले. नियम माझाच, म्हणून यादीत त्याचं नावही मीच लिहिलं.

फायनलला पुन्हा आम्ही दोघंच. राणी मी घेतली होती, पण कव्हर चुकलं. त्यानं ती संधी सोडली नाही, कप पुन्हा त्याचाच.

घरी आलो तर आई दारातच उभी. "जिंकला का माहा पोरगा?"

मी म्हटलं, "नाही, हारलो."

"तुले कोण विचारून राहिलं गा?"