मशीनमधली फुंक

सांगलीला छातीच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत होतो. विट्याकडचा एक गलाईवाला, सोनं गाळणारा, डॉक्टरांकडून बाहेर आला आणि मागच्या बाकावर बायकोशेजारी टेकला.

"आवं, काय म्हणालं डॉक्टर?"

"जरा दम खाऊ दे."

"खावा. पाणी देऊ?"

"नको. दोन आजार हायत म्हणं, एकदम. एकानं फुफ्फुस आवळतंय, दुसऱ्यानं फुगतंय."

"पर मशीनमधी फुंकाय लावलं तवा आकडं चांगलं आल्तं की."

"त्येच तर. एक आवळतंय, एक फुगवतंय. मशीनला वाटतंय समदं झ्याक हाय. स्कॅन काढला तवा दिसलं."

"म्हंजी तुमी जिन्यात मधीच बसायचा, ते खरंच व्हतं?"

"तुला काय वाटलं?"

"मला वाटलं, कामाचा कंटाळा आलाय."

"न्हाई गं. दमच पुरत न्हवता."

"कशानं झालं म्हणं?"

"बिडी. आन् सारा जन्म सेलमच्या दुकानात सोनं गाळलं, त्या तेजाबाचा धूर."

"मग आता?"

"आता औषधं. गेलं ते येत न्हाई, हाय ते टिकवायचं म्हणालं. शिवतेजला फोन लाव."

"आता? सेलमला भट्टीपुढं बसला असंल पोरगा."

"म्हणूनच लाव. भट्टी बंद कर म्हणावं. घरला ये."

"आवं, त्याला काय झालंय? खोकला व्हता म्हणून परवाच तिकडं मशीनमधी फुंकून आलाय. त्याची फुंक अगदी बरोबर आलीया."

"माझीबी बरोबरच आल्ती."