जुन्या खाचांचं माप

आजच्या सभेच्या अध्यक्ष मादाम द्युकेन (हल्ली ‘नागरिक’ म्हणायचं असतं, पण तोंडात जुनंच बसलंय, सांभाळून घ्या), व्यासपीठावरची पाहुणे मंडळी, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या मादाम पेत्रोनील ओबेर, आणि रुआं शहरातल्या माझ्या शिवणाऱ्या मैत्रिणींनो,

बावीस वर्षं मी मादाम ओबेरांच्या हाताखाली शिवतेय. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाची कागदाची एक लांब पट्टी. छातीला एक खाच, कंबरेला एक, टोकाला नाव. त्यांच्या कपाटात निम्मं रुआं टांगलेलं आहे. मापं अर्थातच आवळचोळीवरून. देवमाशाच्या हाडांत आवळून घेतल्याशिवाय कुणी बाई आपल्या दारात यायची का?

आता जी ती आवळचोळी काढून ठेवतेय. पातळ पांढरी मलमल, आणि कंबर थेट छातीखाली. हे चांगलं की वाईट, मला विचारू नका. गेल्या रविवारी मीही तशीच बाजारात गेले. फार मोकळं वाटलं, आणि घरी येईपर्यंत शालीची गाठ काही सोडवली नाही.

वसंतात मादामच्या नातीचं, ऑर्तांसचं लग्न झालं. पोशाख नव्या तऱ्हेचा. लग्नाच्या सकाळी तो पाठीवर चार बोटं मिटेना.

“ही पोर एवढी जाड कधी झाली गं, जेर्त्रूद?” मादामनी मला विचारलं.

“जाड नाही झाले, आजी. आवळलेली नाहीये,” नात म्हणाली.

“ते धरूनच तर कापलं मी. कापलं ना?”

विचारत होत्या त्या मला. मी खाली पडलेल्या टाचण्या वेचत राहिले.

मादामनी स्वतःची शाल कापून काखेत जोड दिला. नात वेळेवर बोहल्यावर गेली. संध्याकाळी मात्र म्हणाल्या, “माझा हात गेला. आता पुरे.” म्हणून आजचा हा समारंभ.

मैत्रिणींनो, इथे मी त्यांचे गुण सांगायचे, असं ठरलं होतं. कागदावर लिहूनही आणलेत. पण मला एक वेगळंच सांगायचंय, आणि ते इथे सांगावं की नाही, हे उठून उभी राहीपर्यंत कळत नव्हतं. आत्ताही कळत नाही.

मादाम, तुम्ही बजावलं होतंत, “ऑर्तांसचं माप नव्यानं घे, नुसत्या अंगावरून.” मी हो म्हटलं. काम तुंबलं होतं. मी कपाटातली जुनी पट्टी काढून तुमच्या कात्रीपाशी ठेवली. तुम्ही तिच्यावर विश्वासून कापलंत, आणि बरोबर कापलंत. काम सोडायचं तर गुडघ्यांसाठी सोडा, नातीसाठी सोडा. हातासाठी सोडू नका.

अध्यक्षांनी वेळ दिला, तुम्ही शांतपणे ऐकलंत, सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही चुकलं असेल तर सभेनं सोडून द्यावं. इतके महिने न बोलण्यात जे चुकलं, त्याचं काय करायचं, ते मादाम ओबेरांनी ठरवावं.