मेंढरं मोजायची न्हाईत

— न्हाय मॅडम, येत न्हवतं म्हून कोरं न्हाय सोडलं तिनं. तुमी तसं कुणाला लिहून देऊ नगा. बसा की, या घोंगड्यावर बसा, तिकडं वलं हाय. मोनिका न्हाय हितं, बापासंग मेंढरं घिऊन धरणाकडं गेली पाण्यावर. येईल इतक्यात. ती यायच्या आत सांगते, तिच्यापुढं माझं तोंड उघडायचं न्हाय. शाळंपासनं एवढ्या उन्हाचं तुमी चालत आलाव, तिच्या परीक्षंचा कागद दावायला — मला कुटं वाचता येतंय, मी अंगठेवाली बाई — पर तुमी बोट ठिवलाव तिथं कोरं हाय, एवढं दिसतंय. सगळा कागद भरलाय अन मधी दोन कोडी कोरी. त्याच्यापायी निवडीतनं नाव गेलं, म्हणताव. बरं, काय हुतं त्या कोड्यात? ... 'एका धनगराकडं इतकी मेंढरं हुती, इतकी सोडून बाकीची रोगानं मेली, तर राहिली किती.' अन दुसरं? ते बी मेंढराचंच. मग मॅडम, कशी लिहील ती?

हसू नगा. तुमी शहरातल्या, तुमाला कोण सांगणार. आमच्यात जितं जनावर मोजत न्हाईत. पैल्यापासनं न्हाय, माझ्या सासऱ्याच्या बापानं बी मोजलं न्हाय. कुणी इचारलं मेंढरं किती, तर म्हणायचं, खंडोबाची हायत, हायत तेवढी. मग मागं एखादं ऱ्हायलं तर कसं कळतंय? — तोंडावरनं. तुमच्या वर्गात एक लेकरू आलं न्हाय तर हजेरी घ्यायच्या आधीच त्याची जागा रिकामी दिसती का न्हाय? तसंच. मालक बाजारात इकताना मोजतो, हां, ते खरं. पर इकलं ते आपलं ऱ्हाईलंच न्हाय, त्याला कशाची दिष्ट. घरच्या जित्या जीवावर आकडा ठिवला की त्यातला कमी हुतो. आता तुमी म्हणचाल हे येडेपण हाय. असंल बाई. पर मेली किती अन ऱ्हायली किती, हे धनगराच्या पोरीला आपल्या हातानं लिहा म्हणायचं — कुणी काढलं वो ते कोडं? त्यानं मेंढरू बघितलंय का कधी?

तसं डोकं लई हाय तिचं. ते काय मी सांगायला पायजे तुमाला? शनवारी तुमी कोडी घालताव, ती हितं येऊन मला घालती. काड्यापेटीच्या काड्या मांडती, म्हणती एकच काडी हलिव अन घराचं तोंड फिरव. माझी भाकर करपली त्या काडीपायी. अन ते नदीतल्या नावंचं — लांडगा, शेळी अन चाऱ्याचा भारा, नावंत एका बारीला एकच बसतंय — ते तिनं सोडिवलं, तुमी शाबास म्हणलाव, अन घरी येऊन मला म्हणती, आये, पर त्या माणसाकडं कुत्रं कसं न्हवतं? कुत्रं असतं तर कोडंच पडलं नसतं. हसले मी. लई दिसांनी हसले बगा. चिंचोके द्या तिला, गोट्या द्या, कसली बी वजाबाकी बोट न मोडता करती. म्हून तर तुमी ते हुशार पोरांच्या शाळंचं काढलाव, तिथंच ऱ्हायचं, तिथंच शिकायचं. मी आडवी आले का? मालक कुरकुरला, त्याला म्याच गप केलं. न्हायतर हाय काय तिच्या फुडं? चारा संपला की आमी निघालाव कर्नाटकात, तिची शाळा बंद, अन दोन-तीन वर्सात कुणीतरी पावणे घिऊन येतंय.

सोमवारी परत तोंडी घेणार हायत, ते कळलं मला. तुमी भांडून मिळिवलाव, तुमचे उपकार हायत. अन तिथं बी मेंढरं निघाली तर तिनं गप बसू नये, म्हून म्या तिला सांगायचं, मोज म्हून, असं तुमचं म्हणणं. मालकाचं ऐकत न्हाय ती, तुमचं बी ऐकलं न्हाय, माझंच ऐकंल — हे खरं हाय. कारण म्याच...

पाणी घ्या. न्हाय, काय न्हाय, धूर गेला डोळ्यात.

तिला आधी सवय हुती मोजायची. दुसरी-तिसरीत असंल. बगंल ते मोजायची, खांब, पाखरं, गाड्या. एकदा सांजच्याला वाघूर लावली — वाघूर म्हंजी ही जाळी, मेंढरं कोंडायची — अन ही जाळीला धरून कोकरं मोजाया लागली, मोठ्यानं. म्या हाळी दिली, गप. तर हसत हसत माझ्या मांडीवर बोट ठिवून म्हणती, अन हे आपलं सगळ्यात बारकं कोकरू, ह्याला धरून इतकी. माझा मल्हार हुता मांडीवर. तिचा भाऊ. नवसाचा, अणदूरच्या खंडोबाला बोलून झालेला.

त्याला मग ताप आला. गेला. म्या तिला म्हणलं — आईचं काळीज वो, जळत हुतं, तोंडाला काय आवर — म्या म्हणलं, तू मोजलंस म्हून गेला, तुझ्या बोटानं खाल्लं त्याला. तवापासनं ती जितं कायबी मोजत न्हाय. भाकरी किती थापू इचारलं, माणसं किती हायत बग, तर नावं सांगती एकाएकाची, आकडा सांगत न्हाय. शानी झाली, असं वाटायचं मला.

सांगीन की. मोज माय, मोजल्यानं काय हुत न्हाय — एवढंच ना? तोंडातनं काढायला कितीसा येळ लागतोय. पर मॅडम, पोरगी तुमची हुशार हाय. तुमीच तिला शिकवलाव, उत्तर आलं म्हून थांबायचं न्हाय, त्याच्या फुडचा सवाल इचारायचा. ती इचारणार. मोजल्यानं काय हुत न्हाय, तर मग आये, मल्हार कशानं गेला?

काय सांगू तिला? मेंढ्या व्याया लागल्या हुत्या त्या राती, एकीमागनं एक. लेकरू अंगारासारखं तापलेलं, अन म्या म्हणलं, ह्या मोकळ्या हुऊ द्या, उजाडल्यावर नेऊ. दवाखाना काय लांब न्हवता. कोकरं सगळी जगली वो.

नगा, काय बोलू नगा. माझा हात सोडा. मेंढरांची घंटी ऐकू यायली, ती आलीच. तो कागद घाला पिशवीत. सोमवारी न्हाय येणार ती, तिकडं कळवून टाका. जावा मॅडम, ह्या बाजूनं जावा.