तापीकाठी अडकलेली फौज

रॉकेलच्या रांगेत शकुंतलाबाईंच्या पुढे बँकेतले दोघं उभे होते. चांगले पोराबाळांचे बाप, अन् भांडत होते फाशांवरून.

“अविनाश, तीन रविवार तुझा खेळ मांडतोय. म्हणे सुरतेवर स्वारी! फौज अजून तापीकाठीच.”

“सहा पडल्याशिवाय नदी ओलांडायची नाही. नियम आहे.”

“तूच केलेला ना, दीडशहाण्या? या रविवारी सुरत हाती आली नाही, तर मी चाललो पत्ते कुटायला.”

शकुंतलाबाईंना राहवेना. “अहो, फौज निघाली कुठून?”

“नाशकाहून.”

“आमची नाशिकची एसटी तर तापी न ओलांडताच सुरतेत पोचते.”

“ऐक, अविनाश!”

अविनाशनं उपकार केल्यासारखी मान वळवली.

“बाई, तुमच्या एसटीला फासे टाकावे लागत नाहीत.”