शिवकन्याच्या बाटलीतील पातळ मिठाबाबत

मी, कौशल्याबाई आसाराम तांदळे, वय ६८, धंदा शेती, शिक्षण दुसरी, रा. तांदळे वस्ती, ता. वडवणी, जि. बीड, स्वतः ठाण्यात येऊन सांगते की,

वस्तीवर मी आणि मालक आसाराम राहत होतो. नात शिवकन्या सणाला येते. तिचे आईबाप ऊसतोडीला गेलेले आहेत. शिवकन्या संभाजीनगरला पीएचडी करते. एवढं शिकलेलं आमच्या वस्तीत दुसरं कुणी न्हाई, हे लिहून घ्या. ती पातळ मिठावर काम करते. पाणी न घालता पातळ राहतं, असं मीठ असतं. तिनं मला चुलीपाशी समजावलं, "आजी, लस दुधासारखी. उन्हात नासते, तिचे कण एकमेकाला चिकटून गोळा होतात. एखादं मीठ त्यांना चिकटू देत न्हाई, एखादं त्यांची घडीच मोडून लस निकामी करतं. कोणतं कसं वागतं ते मी बघते." मी इचारलं, "मग सापाची लस बर्फाबिगर घरात राहील?" म्हणली, "राहील कधीतरी." हे मी अख्ख्या वस्तीला सांगितलं.

दिवाळीला तिनं एक बाटली आणून पत्र्याखाली फळीवर ठेवली. आपल्याकडच्या गरमीत किती टिकतं ते बघायचं होतं.

दि. ४ रोजी सकाळी सातच्या सुमारास कापूस वेचताना मालकांच्या हाताला साप चावला. शिवकन्या माजलगावला मैत्रिणीकडं गेलती. शेजारचे विठ्ठलराव जीप घेऊन दारात आले. म्हणले, "वहिनी, बसा लवकर." मी म्हणलं, "भावजी, दवाखाना कावून? नातीनं लस घरात ठेवलीय." अर्धी बाटली पाजली, अर्धी जखमेला चोळली. मालक म्हणले, "लई कडू हाय, पण आपल्या पोरीची हाय." जीप मी परत धाडली. नऊच्या सुमारास त्यांच्या पापण्या उघडंनात. विठ्ठलरावांची जीप परत बोलावून वडवणीला नेताना वाटेत ते वारले.

माझे दीर म्हाळू म्हणतात, "पोरीच्या औषधानं माझा भाऊ खाल्ला." तसं न्हाई. डॉक्टर म्हणले, सापाचंच विष होतं, वेळेत आणलं असतं तर वाचले असते. बाटलीत लस नव्हतीच. त्या पातळ मिठात अंड्याच्या पांढऱ्यातलं काहीतरी होतं, प्रयोगाला तेच घेतात असं शिवकन्या म्हणते.

बाटलीवर शिवकन्यानं चिठ्ठी चिकटवली होती, "औषध नाही." मला अक्षर जुळवून वाचता येतं. पाजायच्या आधी मी ती वाचली होती. मला वाटलं, पोरगी गुणाची, मिरवायला नको म्हणून असं लिहिते.

ती आता जेवत न्हाई. संभाजीनगरला परत जाणार न्हाई म्हणते. अक्षर अजून मोठं काढायला पायजे होतं म्हणते.

वरचं सगळं मला वाचून दाखवलं. मी सांगितलं तसंच हाय. याची एक नक्कल शिवकन्याला द्यावी. तोंडी सांगितलेलं ती ऐकून घेत न्हाई.